वेढे मोजणारी कुसुम

बसा मंडळी. पुढे सरका जरा, दारात अजून माणसं उभी आहेत. आणि तो पंखा कुणी लावू नका, फार घरघरतो. कुसुम असती तर सभा सुरू व्हायच्या आधी तिने तो खाली उतरवून मांडीवर घेतला असता, आणि पंखा नीट होईपर्यंत आपण सगळे मुकाट बसून राहिलो असतो.

मला बोलायला सांगितलंय. मी शैला. जळगावला कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. जन्मभर वर्गात उभं राहून बोलले, पण असं भाषण कधी केलं नाही. म्हणून जिथून सोपं जाईल तिथून सुरुवात करते.

पारोळ्याचं बसस्टँड. आम्ही दोघी सातवीत. जळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये होस्टेलला राहायचो. महिन्यातून एकदा सिस्टर घरी सोडायच्या. मी पारोळ्याची, कुसुम धुळ्याची, म्हणजे एकच एसटी. मी मध्येच उतरायची आणि ती पुढे जायची. मी खाली उतरले की ती खिडकीतून माझी पत्र्याची पेटी काढून द्यायची. मग बस तिथे दहा मिनिटं थांबायची. मी पेटीवर बसून राहायची, आणि ती खिडकीत हनुवटी टेकून शेंगा खायची. मधूनच एखादी शेंग खाली टाकायची. मी ती झेलायची. बोलायचो काही नाही.

"जा ना आता, तुझी आई वाट बघत असेल."

"बस निघू दे."

एवढंच. बस निघाली की मी उठायची. असं किती वेळा झालं असेल! माझ्या आयुष्यातल्या कितीतरी मोठ्या गोष्टी मी विसरले आहे. ती दहा मिनिटं विसरले नाही.

जे बाहेरगावाहून आले आहेत त्यांच्यासाठी सांगते. कुसुमचं इथे धुळ्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारी जळल्या की आतली तार नव्याने भरायची, ते काम. चाळीस वर्षांहून जास्त काळ तिने ते केलं. लग्न केलं नाही. धुळ्यात तिला सगळे अक्का म्हणायचे, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. आठ महिने आजारी होती. परवा तिचा दहावा झाला.

पुढे बसलेत ते विजयभाऊ, तिचा धाकटा भाऊ, बँकेत अधिकारी आहे. शेजारी त्याची मुलगी मयूरी. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नाशिकला शिकत होती. शिकत होती म्हणते, कारण आत्या आजारी पडली तशी ती धुळ्याला आली ती परत गेलीच नाही. आठ महिने तिने आत्याची सेवा केली आणि दुकानही चालवलं. आता ती म्हणते, मी दुकानच चालवणार. आणि तिचे वडील म्हणतात, आधी डिग्री, मग पुण्यात नोकरी, दुकान बंद.

हे घरातलं भांडण मी चव्हाट्यावर का आणते? कारण ते घरात राहिलेलंच नाही. गेले दहा दिवस इथे येणारा प्रत्येक माणूस त्या पोरीला बाजूला घेऊन काहीतरी सांगतोय. काही जण मलाही म्हणाले, "मॅडम, आजच्या भाषणात तिला दोन शब्द समजावून सांगा." मी दोन शब्द सांगणार नाही. मी कुसुमबद्दल सांगणार आहे.

कुसुम हुशार होती. होस्टेलची ट्यूब गेली की सिस्टर शिपायाला हाक मारायच्या, आणि ही मागून म्हणायची, "सिस्टर, ट्यूब चांगली आहे, स्टार्टर गेलाय." आणि स्टार्टरच गेलेला असायचा. ती बी.एस्सी.ला गेली, धुळ्यातच. शेवटच्या वर्षाला असताना तिच्या वडिलांचे, तात्यांचे, हात कापायला लागले. कंपवात. रिवायंडिंगच्या कारागिराचे हात कापायला लागले की संपलंच. आई आधीच गेलेली. विजू नववीत.

एक दिवस मला तिचं पत्र आलं. चारच ओळी. कॉलेज सोडलंय, दुकानात बसते आहे, तुझी ती निळी ओढणी माझ्याकडे राहिलीये, येशील तेव्हा ने.

मी दुसऱ्याच दिवशी बसने धुळ्याला आले. ओढणीसाठी नाही, भांडायला. दुकानात शिरले तर ही खाली पोत्यावर बसलेली, पायांत एक मोटार धरून.

म्हटलं, "कुसुम, परीक्षेला फक्त चार महिने उरलेत."

"हो ना. मग मोटारींना सांगू का, चार महिने थांबा म्हणून? बाहेर बघ. गहू पाण्यावर आलाय लोकांचा."

"पण डिग्री?"

"पाण्याचं काय?"

मग मी ते वाक्य बोलले. मंडळी, ते मला आज इथे सांगायचंय, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय उरलेली नाही. मी म्हणाले, "जन्मभर हात काळे करत बसशील तू."

तिने हात उलटसुलट करून बघितले. म्हणाली, "वार्निश आहे गं. रॉकेलने निघतं."

आणि मला चहा सांगितला.

पहिली काही वर्षं तिला कशी गेली, ते इथे बसलेल्या काही जुन्या गिऱ्हाइकांनाच विचारा. हसताय ना काका? तुम्हीच होतात त्यांच्यात. बैलगाडीतून मोटार आणायची, दुकानात डोकवायचं आणि विचारायचं, "कोनी शे का दुकानमा?"

"मी शे ना."

"तसं नही. कोनी मानूस?"

"मानूसच शे मी. मोटार उतारा."

मोटार उतरायची. पण दुसऱ्या दिवशी काम बघायला चार जण बरोबर यायचे. तिसऱ्या-चौथ्या मोटारीनंतर एकटेच यायला लागले. मग तर, "अक्का आहे ना? मग ठेवा, आम्ही येतो बाजार करून." इथवर यायला तिला कितीतरी वर्षं लागली.

तिची कामाची पद्धत मी सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवरच उभं आहे. जळलेली मोटार आली की आतली जुनी तार उपटून फेकायची नाही. आधी तिचं एक वेटोळं कापायचं आणि तारांची टोकं मोजायची. एका वेटोळ्याला किती वेढे, ते. मग तारेची जाडी मोजायची. वहीत लिहायचं. परत मोजायचं. आणि मग जितके वेढे निघाले तितकेच नवे भरायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही. मोजताना तिच्याशी कुणी बोललं तर ती पहिल्यापासून सुरू करायची. मी एकदा मोजणी चालू असताना विचारलं, "कुसुम, साखर कुठे आहे?" तिने हातातलं खाली ठेवलं, साखर काढून दिली, आणि म्हणाली, "आता तू शंभर मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

झालं की मोटार सुरू करायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर आणि मूठ कानाला लावून ऐकायची. आणि मग नुसता तळवा ठेवायची मोटारीच्या अंगावर, लहान मुलाचा ताप बघावा तसा. त्या वेळचा तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. मी इतकी वर्षं शिकवलं, चांगलं शिकवलं असं मुलं म्हणतात. पण तास संपवून बाहेर पडताना माझा चेहरा कधी तसा झाला असेल, असं मला वाटत नाही.

पुढे तिला सरकारी कामं मिळायला लागली. पाणीपुरवठ्याच्या मोटारी. तिथे मात्र लायसन पाहिजे, आणि लायसनसाठी डिप्लोमा झालेला माणूस. म्हणून आले आपले चौधरीनाना. नाना, तुम्ही तिसऱ्या रांगेत लपून बसलात तरी मला दिसताय. नानांचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेमीत दुकानाच्या भिंतीवर लागलं. सही नानांची, काम कुसुमचं. आणि नाना इतके सरळ, की कुणी साहेब तपासणीला आला आणि त्याने काही विचारलं, की म्हणायचे, "ते अक्काला विचारा, मला नक्की माहीत नाही."

साहेब फ्रेमीकडे बघायचा, नानांकडे बघायचा, अक्काकडे बघायचा. कुसुम म्हणायची, "साहेब, कागद चौधरीना शे, हात मन्हा शेतस. दोन्ही एकाच दुकानात आहेत, अजून काय पाहिजे?"

आपण हसतो. तीही हसायची. पण रोज सकाळी दुकान झाडून झालं की ती ती काच पुसायची. दुसऱ्याच्या नावाची काच. इतकी वर्षं. मी एकदा विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?" म्हणाली, "वाटतं ना. म्हणून तर रोज पुसते. धूळ बसली असती तर अजून वाईट वाटलं असतं."

आता माझ्या वाट्याची गोष्ट. जिथे मी शिकवत होते, तिथे एक छोटा व्यवसाय अभ्यासक्रम निघाला. मोटार दुरुस्ती शिकवायला माणूस हवा होता. मीच कुसुमला म्हटलं, अर्ज कर. तिने केला. निवडीच्या टेबलाशी पाच जण बसलो होतो, त्यांत मी एक. अर्जातल्या शिक्षणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, बी.एस्सी. दुसरं वर्ष उत्तीर्ण. एकाने तो अर्ज उचलला, म्हणाला, "हे नियमात बसत नाही," आणि बाजूला ठेवला. दोन सेकंद लागले त्याला.

मी बोलू शकले असते. निदान एवढं म्हणू शकले असते, की हिला बोलवा, एक मोटार समोर ठेवा आणि बघा. मी गप्प बसले. मी नवीन होते, बाकीचे मोठे होते, ही सगळी कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. खरं कारण एवढंच की नियम माझ्या बाजूचा होता. मी त्यात बसत होते.

ज्यांना घेतलं ते पदवीवाले होते, सज्जन होते. पण त्यांनी कधी मोटार भरली नव्हती. सहा महिन्यांनी मला मुलांकडून कळलं, सर त्यांना धुळ्याला एका बाईंच्या दुकानात घेऊन गेले होते, काम दाखवायला. त्या बाईंनी दिवसभर शिकवलं. पोरं खूश होती. कुसुम मला त्यातलं अक्षर बोलली नाही. कितीतरी वर्षांनी मी माफी मागितली, तर म्हणाली, "अगं, वीस जणांना चहा करावा लागला, दूध संपलं. बाकी काही झालं नाही."

आता कुणी म्हणेल, शैलाताईंना एवढंच सांगायचंय, की डिग्रीला अर्थ नाही. थांबा. कुसुम हे कधीच म्हणाली नाही. ती म्हणायची, "डिग्रीत काही नसतं असं दोनच माणसं म्हणतात. एक, जिच्याकडे ती आहे, आणि दुसरी, जिला ती मिळाली नाही. दोघींचं ऐकू नये." आणि माझ्याकडे बघून, "तू आणि मी."

दोन वर्षांमागची गोष्ट. फैजपूरकडचे पाटीलआबा, केळीचे बागायतदार. आबा आज एवढ्या लांबून आलेत, तिथे भिंतीपाशी बसलेत. त्यांची मुलगी धुळ्यात दिली आहे, तिने अक्काचं नाव सांगितलं, म्हणून हे वाटेतले सगळे रिवायंडिंगवाले सोडून मोटार घेऊन धुळ्याला आले. कुसुमने वेढे मोजले, तितके भरले, मोटार दिली. दोन महिन्यांत जळाली. परत आली. तिने परत मोजले, परत तितकेच भरले, रात्रीच्या उजेडात काम नको म्हणून दोन दिवस घेतले, एकेक तार तपासली. परत जळाली.

आबा मोटार टेम्पोत घालून दारात उभे. रागावले नव्हते, हेच वाईट. नुसते म्हणाले, "अक्का, परत जयली व. केयी वाया चालली माही."

उन्हाळ्याची सुट्टी होती, मयूरी दुकानात होती. कुसुम मला फोनवर म्हणाली, "शैले, माझे हात गेले बहुतेक. तात्यांसारखे." इतकी वर्षं तिच्या तोंडून मी असं ऐकलं नव्हतं.

मयूरीने काय केलं, तर पट्टी घेतली. मोटारीच्या आतल्या लोखंडाची लांबी मोजली, व्यास मोजला, खाचा मोजल्या आणि एका जुन्या कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. तासाभराने म्हणाली, "आत्या, तुझं काही चुकलेलं नाही. तुझ्या आधी ज्याने ही भरली, त्याचं चुकलंय. त्याने प्रत्येक वेटोळ्याला सहा वेढे कमी घातले होते. तू त्याची चूक मोजून मोजून परत भरते आहेस."

कुसुमने त्या गणितावरून ओळीओळीने बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे कुठे शिकलीस?"

"दुसऱ्या वर्षाला असतं."

"दुसऱ्या वर्षाला," कुसुम म्हणाली. "दुसऱ्या वर्षाला असतं." नंतर कितीतरी दिवस ती हे मध्येच म्हणायची.

मोटार भरली ती सहा वेढे वाढवून. आबा, अजून चालते ना? चालते म्हणतायत. ती मोटार पोचवायला कुसुम स्वतः फैजपूरला गेली, आणि बांधावर उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, चूक माझी. दोन्ही वेळची." परत आल्यावर मला म्हणाली, "चाळीस वर्षं मी मोजायला शिकले. आधीचा चुकला असेल, हे मनातच आलं नाही."

म्हणजे डिग्री पाहिजे, असंच झालं ना? थांबा. अजून आहे.

त्याच सुट्टीत मयूरीने स्वतः एक मोटार भरली. गणित अचूक. वेढे अचूक. सुरू केली आणि धूर. ती बिचारी परत परत गणित तपासतेय, गणितात चूक सापडेना. कुसुमने तिचा हात धरला आणि उजेडात नेला.

"हे काय?"

"नखं आहेत आत्या."

"मैत्रिणीच्या लग्नाला वाढवलीस ना? तार खाचेत बसवताना तिच्या अंगावरचं पातळ आवरण नखांनी खरवडलं गेलं. तुझ्या पुस्तकात नखं आहेत का कुठे?"

"नाहीत."

"मग घरी जाऊन कापून ये."

मंडळी, त्या उन्हाळ्यात मी आठवडाभर त्यांच्याकडे राहिले होते. दुपारी दोघी पोत्यावर समोरासमोर बसायच्या. ही तिला वेढे बसवायला शिकवायची, ती हिला सूत्रं शिकवायची. आत्या भाचीकडे तोंडी परीक्षा द्यायची आणि चुकली की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची. एकदा बरोबर आलं तेव्हा चौधरीनानांना हाक मारून म्हणाली, "नाना, तुमची फ्रेम जरा सरकवा, जागा लागेल." आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

आता विजयभाऊंबद्दल. लोक तुला हट्टी म्हणतायत, विजू. मी नाही म्हणणार. त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला म्हणालास, "शैलाताई, एका कागदासाठी माझ्या बहिणीने काय काय ऐकलं, ते मी बघत मोठा झालोय. तिने सोडलं म्हणून मी शिकलो. आता माझी मुलगी बरोबर त्याच ठिकाणी येऊन थांबली आहे, शेवटच्या वर्षाला. मी तिला तिथे थांबू देऊ?" तुझी भीती खरी आहे.

मला माझ्या डिग्रीने काय दिलं, हे मी विचार करून सांगते. पगार दिला, मान दिला, ते सगळ्यांना दिसतं. न दिसणारं सांगते. तिने मला वाईट दिवसाची मुभा दिली. माझ्या घरात आजारपण होतं त्या वर्षी मी फार सुमार शिकवलं. कुणी मला विचारलं नाही, की बाई, तुम्हाला शिकवता येतं का? माझ्या नावापुढे अक्षरं होती, ती माझ्यासाठी उभी राहिली. कुसुमला असा एक दिवस मिळाला नाही. प्रत्येक मोटार म्हणजे नवी परीक्षा, आणि एकदा जळाली की आधीच्या हजार जणू भरल्याच नव्हत्या. हे तिने सोसलं. आणि तरी मी छातीवर हात ठेवून सांगते, तिचं कामाचं आयुष्य चांगलं होतं. माझ्याइतकं चांगलं. कधी कधी माझ्याहून चांगलं.

तर डिग्री पाहिजे की नको? मी हा प्रश्न तिला विचारला. शेवटच्या आठवड्यात, ती टेकून बसली होती तेव्हा. म्हटलं, "कुसुम, सगळे मला विचारतायत. मयूरीला काय सांगू?"

तिने डोळे मिटले. मग हळूच, तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, "माले कोनी इचारं नही, शैले."

कुणी मला विचारलं नाही.

म्हटलं, "काय विचारलं नाही?"

"दुकानात बसतेस का कॉलेजात जातेस. तात्यांनी नाही विचारलं, घरात कुणीच नाही. मीच उठले आणि बसले. तू आलीस, तीसुद्धा भांडायला आलीस. तूही नाही विचारलंस." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "विचारलं असतं तर मी बहुतेक हेच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं गं."

मंडळी, मला एवढंच सांगायचं होतं.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं. फोन बंद ठेवा. आणि माझी एक विनंती आहे, या दोन मिनिटांत मनातल्या मनातसुद्धा त्या पोरीला सल्ला देऊ नका. नुसतं कुसुमसाठी उभं राहा.

बसा. बसा सगळे.

एक काम राहिलंय. कुसुमने माझ्याकडून एक यादी लिहून घेतली होती, आणि सगळ्यांसमोर वाच म्हणाली होती. अक्षर माझं आहे, शब्द तिचे. जशी आहे तशी वाचते.

"चौधरीनानांचं सर्टिफिकेट नानांना परत. काच पुसून द्यायची. नानांनी ते घरी दर्शनी भिंतीवर लावायचं, नातवंडांना दिसेल असं. त्यांनी ते मेहनतीने मिळवलेलं आहे.

"पाटीलआबांना त्यांच्या मोटारीच्या वेढ्यांचा आणि तारेचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून, वर प्लास्टिक लावून द्यायचा. विहिरीवरच्या पेटीत चिकटवा म्हणावं. पुढचा कारागीर कुणीही असो, त्याने मोजण्याआधी हा वाचावा.

"माझ्या चांगल्या साड्या गल्लीतल्या ज्यांना हव्या त्यांना. खाकी कोट कुणी आठवण म्हणून ठेवू नये. त्याने मोटारी पुसाव्यात. कापड चांगलं आहे.

"तात्यांचा तारेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर मयूरीला. तो तिचाच. ती दुकानात बसो, पुण्याला जावो, परीक्षा देवो, न देवो. त्याला कसलीही अट नाही.

"शैलाला काही नाही. तिच्या घरात पुस्तकांमुळे बसायला जागा नसते. तिला फक्त बोलायला लावा, तिला आवडतं.

"दुकानाची किल्ली विजूला द्यायची. मयूरीला नाही, विजूला. त्याने ती घेऊन पोरीसमोर बसायचं आणि तिला काय करायचंय ते विचारायचं. ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. डिग्री पुरी करून मग दुकान म्हणाली तर तेव्हा उघडू दे. आताच म्हणाली तर आता. नकोच म्हणाली तर नानांच्या हातून शटर ओढून घ्या आणि कुणी डोळ्यांत पाणी आणू नका. ती जे म्हणेल त्याप्रमाणे किल्ली द्यायची किंवा ठेवून घ्यायची. विचारायचं काम विजूचं, दुसऱ्या कुणाचं नाही."

यादी इथे संपते. खाली तिची सही आहे.

विजू, ये. ही घे.